पकडलेल्या मुलाचे शाळेने काय करावे?

पुण्यात अमली पदार्थांची चर्चा होते ती नेहमी एखाद्या बातमीच्या मागोमाग. ऑक्टोबर २०२३ मध्ये ससून रुग्णालयातून अमली पदार्थांच्या गुन्ह्यातला आरोपी पळाला, तेव्हा ती झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यापासून दिल्ली आणि सांगलीपर्यंत माग काढत सतराशे किलोंहून अधिक मेफेड्रोन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले एम.डी., पकडले आणि त्याची किंमत साडेतीन हजार कोटींच्या घरात सांगितली गेली, तेव्हा ती पुन्हा झाली. त्याच वर्षी मे महिन्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती असलेल्या मोटारीने दोघांचा बळी घेतला. जूनमध्ये फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका बारमधली चित्रफीत घरोघरी पोहोचली आणि पाठोपाठ पब-बारच्या अनधिकृत बांधकामांवर बुलडोझर चालले. या प्रत्येक वेळी शहर दोन पक्षांत वाटले गेले. एक पक्ष म्हणतो की पोलिसांनी पुरवठा तोडावा, पब बंद करावेत, महाविद्यालयांत मुलांच्या चाचण्या घ्याव्यात. दुसरा म्हणतो की हा संस्कारांचा प्रश्न आहे, तेव्हा शाळाशाळांतून जनजागृतीची व्याख्याने व्हावीत. दोन्ही पक्ष कळकळीने बोलतात याविषयी मला शंका नाही. परंतु ज्या मुलाविषयी हे सारे चालले आहे, त्याचा सकाळी सात ते रात्री दहापर्यंतचा दिवस दोघांच्याही बोलण्यात कुठे येत नाही.

माझे म्हणणे असे की, मुलाला व्यसनापासून दूर ठेवणारी गोष्ट म्हणजे व्यसनाविषयीची माहिती नव्हे आणि शिक्षेची भीतीही नव्हे. शाळेशी, मैदानाशी आणि घराबाहेरच्या एखाद्या तरी मोठ्या माणसाशी त्याचा टिकून राहिलेला संबंध त्याला दूर ठेवतो. हे मान्य केले तर शाळेच्या प्रतिबंधक कार्यक्रमाची परीक्षा २६ जूनला किती मुलांनी शपथ घेतली यावर होणार नाही. खिशात पुडी सापडलेल्या पहिल्या मुलाचे शाळेने काय केले, यावर ती होईल. आणि या परीक्षेत आपल्या बहुसंख्य शाळा आज नापास होतात, असे शाळेत शिकवलेली व्यक्ती म्हणून मला सांगावे लागते.

व्याख्यानांचा विचार आधी करू, कारण सर्वाधिक श्रम त्यांवर खर्च होतात. २६ जून हा जागतिक अमली पदार्थविरोधी दिन. आपल्याकडे त्याच दिवशी राजर्षी शाहूंची जयंती. शाळा सुरू होऊन जेमतेम दहा-बारा दिवस झालेले असतात, तुकड्यांचे पट अजून वरखाली होत असतात. परिपाठाला जोडूनच कार्यक्रम घेतला जातो: प्रतिमापूजन, पाहुण्यांचा सत्कार, पडद्यावर काळवंडलेली फुप्फुसे आणि तोंडाचा कर्करोग, उजवा हात पुढे करून शपथ, आणि दुपारी चित्रकलेच्या तासाला भित्तिपत्रके. छायाचित्रे गटावर जातात, अहवाल ऑनलाइन भरला जातो. शपथ चालू असताना शेवटच्या रांगेकडे पाहावे. तिथे उभ्या असलेल्या दोघातिघांपैकी एकाच्या पँटच्या चोरखिशात मावा आहे हे वर्गातल्या मुलांना ठाऊक असते, बहुधा वर्गशिक्षकांनाही ठाऊक असते. आणि तोही सगळ्यांच्या बरोबरीने शपथ म्हणत असतो. तो खोटे बोलत नाही. त्या शपथेचा आणि त्याच्या खिशाचा त्याच्या मनात काही संबंधच जुळलेला नसतो.

हा मार्ग अमेरिकेने आपल्या आधी, आणि कितीतरी अधिक पैसा ओतून, चोखाळून पाहिला आहे. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी तिथल्या शाळांबरोबर ‘डेअर’ नावाचा उपक्रम सुरू केला. गणवेशातला पोलीस अधिकारी वर्गावर येई, अमली पदार्थांचे धोके समजावून सांगे आणि ‘नाही’ कसे म्हणायचे ते शिकवी. पालकांना तो आवडला, पोलिसांना आवडला, राजकारण्यांना तर फारच आवडला, आणि बघता बघता तो देशभर पसरला. पुढे संशोधकांनी त्या वर्गांत बसलेल्या आणि न बसलेल्या मुलांची तुलना केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा वर्षांनंतरही दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. २००३ मध्ये अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या कार्यालयानेही तोच निष्कर्ष सांगितला आणि उपक्रम चालवणाऱ्यांना अभ्यासक्रम बदलणे भाग पडले. १९९८ पासून तिथल्या केंद्र सरकारने दूरचित्रवाणीवर जाहिरातींची मोहीम चालवली, तिच्यावर एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला, आणि मूल्यमापनात तिचाही उपयोग दिसला नाही. एवढा अनुभव समोर असताना तोच प्रयोग कमी पैशांत आणि वर्षातून एकदाच केल्याने आपल्याकडे यशस्वी होईल, असे मानायला आधार कोणता?

अपयशाचे कारण समजायला अवघड नाही. आठवीतल्या मुलाला तंबाखूने कर्करोग होतो हे माहीत नसते म्हणून तो ती खातो का? तंबाखूच्या पुडीवर सडलेल्या जबड्याचे चित्र छापलेले असते आणि तो ती पुडी रोज हातात धरतो. चौदाव्या वर्षी पन्नाशीतला कर्करोग म्हणजे दुसऱ्याच कोणाचा तरी कर्करोग असतो. उलट मधल्या सुट्टीत मैदानाच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या टोळक्यात आपल्याला जागा मिळते की नाही, हा त्या मुलाचा आजचा, या क्षणाचा प्रश्न असतो. या प्रश्नाचे उत्तर पडद्यावरच्या फुप्फुसांकडे नसते.

तरीही व्याख्यानांच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे ते मला मान्य आहे. व्यसन हा शब्दच ज्या घरांत उच्चारला जात नाही, तिथल्या मुलांना निदान हे कळते की याविषयी बोलता येते. पुण्याला तर या कामाची थोर परंपरा आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले आणि गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, विळख्यातल्या मुलांना गुन्हेगार न मानता माणसे म्हणून वागवता येते हे महाराष्ट्राला दाखवले. तिथून बाहेर पडून सावरलेला माणूस शाळेत येऊन बोलतो, तेव्हा सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असते. पण हेलावणे वेगळे आणि बदलणे वेगळे. शिवाय मुक्तांगणची खरी शिकवण त्या भाषणापेक्षा तिथल्या वागणुकीत आहे: व्यसनी माणसाला हाकलू नका, त्याला एका समूहात धरून ठेवा, त्याच्या घरच्यांनाही त्या समूहात घ्या, आणि जो सावरला त्याला दुसऱ्याच्या मदतीला उभे करा. शाळांनी मुक्तांगणचे वक्ते बोलावले, पण ही शिकवण मात्र घेतली नाही.

आता पुरवठा तोडा म्हणणाऱ्यांकडे वळू, कारण त्यांचा युक्तिवाद अधिक भक्कम आहे. जवळच्या तालुक्यात एम.डी.चा कारखाना उघडपणे चालू असेल, तर पीटीच्या शिक्षकांनी आणि समुपदेशकांनी कितीही जीव तोडला तरी काय होणार, असे ते विचारतात. आणि ते योग्यच विचारतात. कारखाने उद्ध्वस्त झालेच पाहिजेत, त्यांना पाठीशी घालणारे कोण ते शोधले गेलेच पाहिजे. त्यात हयगय करणाऱ्या कोणालाही माझ्या म्हणण्याचा आडोसा मिळू नये. पण मुलाच्या आयुष्यातली पहिली नशा एम.डी.ची असते का? २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातली तेरा ते पंधरा वर्षांची ८.५ टक्के मुले त्या वेळी तंबाखू वापरत होती. आणि ज्यांनी धूरविरहित तंबाखू, म्हणजे गुटखा, मावा, मिश्री यांसारखे पदार्थ, कधी ना कधी वापरले होते, त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच सुरुवात केली होती. दहा वर्षे म्हणजे इयत्ता चौथी. २०१९ मध्येच केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. त्यात हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला की ज्यात मुलांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त होते: मुलांत १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. सायकलच्या दुकानातले पंक्चरचे सोल्युशन आणि स्टेशनरीच्या दुकानातला व्हाईटनर हे त्या मुलांचे अमली पदार्थ. त्यांच्यावर कोणते पथक छापा घालणार आहे?

पुरवठ्यावरच सगळा भार टाकल्याने काय होते, हे या राज्याने एकदा अनुभवले आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा प्रामाणिक हेतूने आला होता. त्यामागोमाग हातभट्ट्या आल्या, परवान्यांची पळवाट आली, हप्ते आले आणि दारूच्या पैशावर पोसलेली गुन्हेगारी आली. साठीच्या दशकात बंदी सैल करावी लागली. यावरून बंदी निरुपयोगी असते असा निष्कर्ष काढणेही घाईचे ठरेल. महाराष्ट्रातच बायकांनी मतदान करून, आडव्या बाटलीवर शिक्के मारून, आपल्या वस्तीतली दारूची दुकाने बंद केली आहेत, आणि त्यांतल्या कित्येक ठिकाणी ती बंद राहिली, कारण पुन्हा उघडू न देणारे डोळे त्याच गल्लीत होते. हा फरक फार महत्त्वाचा आहे. मंत्रालयातून आलेल्या बंदीला राखणदार नसतो. वस्तीने मागून घेतलेल्या बंदीला असतो.

आणि पुण्याला हे दीडशे वर्षांपूर्वी उमगलेले होते. नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० साली जोतीराव फुल्यांनी शहरात दारूची दुकाने वाढू देण्याला लेखी हरकत घेतली. लोकांनी दारू पिऊ नये असे प्रवचन त्यांना देता आले असते. अन्यत्र त्यांनी व्यसनांवर कठोर शब्दांत लिहिलेही आहे. पण नगरपालिकेपुढे त्यांनी प्रश्न ठेवला तो दुकानांचा. आज आपल्या हाती त्यांच्या काळात नसलेले कायदे आहेत. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला मनाई केली. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाने मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला. शंभर यार्ड म्हणजे सुमारे एक्क्याण्णव मीटर. कोणत्याही पालकाने मुलाला सोडायला गेल्यावर शाळेच्या फाटकापासून तेवढे अंतर चालून पाहावे. चहाच्या टपरीत बिस्किटांच्या बरण्यांमागे पुड्यांच्या माळा लोंबत असतात, सुटी सिगारेट मिळते आणि ती पेटवायला लायटर दोरीने बांधून ठेवलेला असतो; दप्तर पाठीवर असलेल्या गिऱ्हाइकाला कोणी वय विचारत नाही. टपरीवाल्यावर सात वर्षांचा खटला भरावा असे मी म्हणत नाही, त्याचे पोट त्या टपरीवर आहे. शाळा व्यवस्थापन समितीने त्याच्याशी बोलावे, तंबाखू सोडून बाकी सगळे विकायला त्याला मदत करावी, आणि तरीही ऐकले नाही तर वॉर्ड कार्यालयात लेखी तक्रार करून तिचा पाठपुरावा करावा. हे काम पोलिसांच्या पथकाचे नाही, शाळेच्या शेजाऱ्यांचे आहे. आणि ते व्याख्यानापेक्षा कितीतरी अधिक मुलांना वाचवेल.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मुलगा सापडला, की शाळेत काय घडते? मुख्याध्यापकांच्या खोलीत पालकांना बोलावले जाते. आई रडत असते, बाप त्याच खोलीत मुलाच्या थोबाडीत देतो. मग आवाज खाली आणून सांगितले जाते की, आम्ही कारवाई केली तर त्याच्या रेकॉर्डवर येईल, त्यापेक्षा तुम्हीच अर्ज द्या. अर्जात कारण लिहिले जाते ‘कौटुंबिक अडचण’ किंवा ‘राहण्याचे ठिकाण बदलले’, आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात पडतो. यात बहुतेकांना दया दिसते. मला यात कायद्याची पळवाट दिसते. शिक्षणहक्क कायद्याच्या सोळाव्या कलमानुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. म्हणून काढले जात नाही. निघून जायला लावले जाते. नववी-दहावीत तर या कलमाचेही छत्र नाही, आणि नेमके तेच वय सर्वांत धोक्याचे.

याच्या समर्थनार्थ सांगितली जाणारी म्हण सर्वांना पाठ आहे: एक नासका आंबा सगळी अढी नासवतो. पालकांची ही भीती मी हलक्यात घेत नाही. किशोरवयात मित्रांचा प्रभाव आईबापांपेक्षा मोठा असतो, आणि आपल्या मुलीच्या बाकाशेजारी कोण बसतो याची काळजी वाटणे हा आईबापांचा दोष नाही. पण म्हण तिच्या टोकापर्यंत नेऊन पाहू. अढीतून काढलेला आंबा उकिरड्यावर जातो आणि तिथे संपतो. शाळेतून काढलेला मुलगा कुठे जातो? तो त्याच वस्तीत राहतो, आता दिवसभर मोकळा असतो, आणि जे त्याला घ्यायला तयार असतात त्यांच्यात जातो. ते त्याच्यासारखेच आधी काढून टाकलेले असतात. संध्याकाळी शाळा सुटते तेव्हा तो फाटकाबाहेर उभा असतो, वर्गातली मुले त्याची मित्रच असतात, आणि आता त्याच्याकडे देण्यासारखे काहीतरी असते. प्रभाव टाळण्यासाठी केलेल्या उपायाने आपण त्या प्रभावाला शिक्षकांच्या नजरेबाहेर नेऊन ठेवलेले असते. वाट चुकलेल्या मुलांना एकत्र कोंबले की ती एकमेकांकडून अधिक बिघडतात, हे संशोधनात वारंवार दिसले आहे. १९३९ मध्ये अमेरिकेत केंब्रिज-सॉमरव्हिल येथे पाचशेहून अधिक मुलांना घेऊन सुरू झालेल्या प्रसिद्ध प्रयोगात मदत मिळालेली मुले तीस-पस्तीस वर्षांनी मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट अवस्थेत आढळली, आणि त्यातही अनेकदा उन्हाळी शिबिरांत पाठवलेल्या मुलांचे नुकसान अधिक झाले होते. चांगला हेतू पुरेसा नसतो. बिघडलेल्या मुलाला चांगल्या मुलांमध्येच ठेवावे लागते, आणि तसे ठेवण्याइतके मोठ्यांचे लक्ष वर्गाला पुरवावे लागते.

महाविद्यालयांत सरसकट चाचण्या घेण्याची सूचना याच वृत्तीतून येते, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये सुमारे शहात्तर हजार विद्यार्थ्यांच्या माहितीवरून चाचणी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या शाळांची तुलना केली. अमली पदार्थांच्या वापरात फरक नव्हता. चाचणी मुलाला चुकवायला शिकवते, आणि चाचणीत न सापडणाऱ्या पदार्थाकडे वळवते. शिक्षकावरचा त्याचा विश्वास मात्र ती हमखास घालवते, आणि मुलगा मदत मागायला येतो तो त्या विश्वासावरच.

मग चालते काय? एक उदाहरण मला फार बोलके वाटते, कारण त्यात नशेचा शब्दही नाही. १९८० च्या दशकात बाल्टिमोर शहरातल्या पहिलीच्या वर्गांत एक खेळ सुरू केला गेला. वर्गाचे दोन-तीन संघ करायचे, प्रत्येक संघात शांत मुले आणि दंगेखोर मुले मुद्दाम मिसळायची, फळ्यावर साधे नियम लिहायचे. ठरलेल्या वेळात कोणी नियम मोडला की त्याच्या संघापुढे एक खूण; खुणा मर्यादेच्या आत राहिल्या तर संघ जिंकला, आणि सगळे संघ जिंकू शकतात. बाईंनी ओरडायचे नाही, एकट्या मुलाला उभे करायचे नाही. दंगा करणाऱ्या मुलाला आवरायला त्याचेच सोबती शिकू लागतात आणि तोही वर्गात सामावला जाण्याची चव चाखतो. ही मुले एकोणीस-एकवीस वर्षांची झाली तेव्हा संशोधकांनी त्यांना पुन्हा गाठले. पहिलीत सर्वाधिक आक्रमक असलेल्या मुलांमध्ये, ज्यांच्या वर्गात तो खेळ झाला होता त्यांच्यात, अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्यांचे प्रमाण लक्षणीय कमी होते. सहा वर्षांच्या मुलाला वर्गात नीट सामावून घेणे हा व्यसनप्रतिबंध आहे, हे आपल्या कोणत्या परिपत्रकात लिहिलेले आहे? आणि पंचावन्न-साठ मुलांच्या तुकडीवर, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे सांभाळत शिकवणाऱ्या बाईंना हे जमावे म्हणून आपण काय करतो?

दुसरे उदाहरण आइसलँडचे, अलीकडे वारंवार दिले जाणारे. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले आदल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. त्यांनी दरवर्षी मुलांची निनावी पाहणी करून तिचे निष्कर्ष शाळेच्या आणि वस्तीच्या हाती दिले, खेळ आणि संगीतासाठी प्रत्येक मुलामागे नगरपालिकेने पैसे ठेवले, हिवाळ्यात रात्री दहानंतर किशोरांनी एकटे बाहेर राहायचे नाही असा नियम पाळला, आणि शाळाशाळांतल्या पालकांनी आपसांत लेखी करार केले. यावर घेतले जाणारे आक्षेप खरे आहेत. अख्ख्या आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत, आणि २०११ च्या जनगणनेतच पुणे महापालिका हद्दीत एकतीस लाख माणसे होती. त्याच काळात युरोपात इतरत्रही किशोरांचे पिणे घटले, त्यामुळे सगळे श्रेय त्या योजनेला देता येत नाही. पण पुण्याला एकाच वेळी एकतीस लाखांचा विचार करण्याची गरज काय? एक प्रभाग, त्यातल्या आठ-दहा शाळा, त्यांची मैदाने आणि मंडळे, हा आकार हाताळण्यासारखा आहे.

शिवाय मुलांच्या संध्याकाळी कशा भराव्यात हे शिकायला पुण्याने उत्तर ध्रुवाकडे पाहावे, अशी आपली गरिबी नाही. पेठापेठांतल्या तालमी होत्या. १९२४ पासून महाराष्ट्रीय मंडळाने व्यायामाची पिढ्यानुपिढ्यांची परंपरा उभी केली. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाने जातीधर्माची बंधने न मानता मुलामुलींना रोज संध्याकाळी मैदानावर आणले: तासभर खेळ, गाणी, गप्पा, आणि त्यांच्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठा असलेला एक शाखानायक, जो प्रत्येकाला नावाने ओळखे आणि दोन दिवस कोणी आला नाही तर घरी जाऊन विचारपूस करी. त्या दादाने किंवा ताईने व्यसनांवर भाषण केले नसेल. पण गैरहजेरीची चौकशी करणारा कोणीतरी होता. आज त्याच शहरात पाच वाजले की शाळेच्या मैदानाला कुलूप लागते. सोसायटीत ‘खेळण्यास मनाई’ची पाटी असते. एका मुलाची संध्याकाळ क्लासमधून क्लासमध्ये जाते आणि दुसऱ्या मुलाची, ज्याचे आईवडील दोघेही रात्री आठला कामावरून येतात, ती चौकात जाते. महापालिकेने आपल्या शाळांची मैदाने संध्याकाळी उघडी ठेवली, त्यांवर मानधनावर एक प्रशिक्षित ताई किंवा दादा नेमला आणि मंडळांना दिवे व साहित्य यांची जबाबदारी दिली, तर लागणारा खर्च एका उड्डाणपुलाच्या हिशेबात दिसणारही नाही. गणेशोत्सवात दहा दिवस शेकडो तरुणांना रात्रंदिवस राबवणाऱ्या मंडळांकडे माणसे जमवण्याचे कौशल्य नाही, असे कोणी म्हणू शकेल का?

पालकांविषयी एक गोष्ट स्पष्टपणे लिहायला हवी. संस्कार हा शब्द आपण मुलांसाठी राखून ठेवला आहे. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी एकवीस आणि इतर मद्यासाठी पंचवीस वर्षांची अट आहे. तरीही सोळा-सतरा वर्षांच्या मुलापुढे पेला येतो, तेव्हा तो ठेवणारा प्रौढच असतो. वाढदिवसाला फार्महाऊस ठरवून देणारे, ‘घरी आमच्यासमोर घेतली तर बरे’ म्हणणारे, आणि कार्ट्याला बापाची पुडी आणायला टपरीवर पाठवणारे, सगळेच यात येतात. एकट्या घराने कडक व्हायचे म्हटले तर मूल म्हणते, बाकी सगळ्यांना परवानगी आहे. आणि ते खरेही असते. म्हणून एका वर्गाच्या पालकांनी पालकसभेत बसून तीन-चार गोष्टी एकत्र ठरवाव्यात: रात्री किती वाजेपर्यंत बाहेर, मोठे माणूस नसलेल्या घरी पार्टी नाही, कोणाच्याही घरी मुलांना दारू मिळणार नाही, आणि दुसऱ्याचे मूल काही करताना दिसले तर त्याच्या घरी कळवायचे व कळवणाऱ्यावर रागवायचे नाही. शेवटची अट सर्वांत अवघड आहे. वाड्यांच्या आणि चाळींच्या पुण्यात ती न ठरवताच पाळली जाई. आता ती ठरवूनच पाळावी लागेल.

शाळेला समुपदेशक परवडत नाहीत, हा आक्षेपही खरा आहे. प्रत्येक शाळेला एक मिळणे नजीकच्या काळात शक्य दिसत नाही. पण आपल्याकडे केंद्रशाळांची रचना आहे. एका केंद्रातल्या शाळांना मिळून एक समुपदेशक, आठवड्याचे वार वाटून, देता येतो. १४४४६ ही व्यसनमुक्तीची, १४४१६ ही टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेची आणि १०९८ ही मुलांची मदतवाहिनी फुकट उपलब्ध आहे. ती वर्गशिक्षकांच्या वहीत हवी आणि त्यांनी ती लावण्याचा सराव केलेला हवा. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांमधल्या व्यसनांसाठी राष्ट्रीय योजना आखण्याचे आणि हा विषय अभ्यासक्रमात आणण्याचे निर्देश दिले होते. अभ्यासक्रमात धडा घालणे सोपे होते. सापडलेल्या मुलासाठी प्रत्येक शाळेत लेखी कार्यपद्धती असणे अवघड आहे, आणि आता मागणी तिची झाली पाहिजे. मुलगा सापडल्यावर पहिल्या दिवशी त्याच्याशी कोण बोलणार, आईवडिलांना कोणत्या शब्दांत सांगणार, समुपदेशकाकडे किती दिवसांत नेणार, पुढचे सहा महिने त्याच्यावर कोणा एका शिक्षकाचे लक्ष राहणार, आणि हे सर्व इतर मुलांपुढे उघड होणार नाही याची काळजी कशी घेणार. राज्य सरकारने शासन निर्णय काढून नववी ते बारावीच्या मुलांनाही, केवळ सेवन केल्याच्या कारणावरून, शाळेतून काढण्यापासून संरक्षण द्यावे.

यावर शेवटचा प्रश्न उरतो, आणि मुख्याध्यापक तो नेहमी विचारतात: मुलगा स्वतः घेत नसून इतरांना विकत असेल तर? इथे वर्गातल्या बाकीच्या मुलांची सुरक्षितता आधी येते आणि त्याला त्या वर्गातून हलवणे भाग पडू शकते, हे मला मान्य आहे. पण बाल न्याय कायद्याचे ७८ वे कलम अमली पदार्थांच्या विक्रीसाठी किंवा ने-आणीसाठी मुलाला वापरणाऱ्या प्रौढाला गुन्हेगार ठरवते. तो प्रौढ शोधण्याचा एकमेव धागा म्हणजे तो मुलगा, आणि दाखला देऊन आपण तो धागाच तोडून टाकतो. अशा वेळी शाळेने बालकल्याण समितीला कळवावे. मुलाला हलवायचेच असेल तर दाखला देण्याआधी दुसऱ्या शाळेतला त्याचा प्रवेश पक्का करणे आणि तिथल्या समुपदेशकाशी समोरासमोर बोलणे, ही पहिल्या शाळेची जबाबदारी असावी. आणि ती पार पाडली की नाही, हे शिक्षणाधिकाऱ्यांनी लेखी मागावे.